बर्फवाल्यांची गरम गाडी

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातलं व्हॅल्कूर हे बर्फाचं गाव. जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांनी बर्फावर धावणाऱ्या गाड्यांचा उद्योग इथंच उभारला. १९५९ची ‘स्की-डू’ही त्यांचीच. त्या वारशातल्या बीआरपी कंपनीने २००७ साली ‘कॅन-ॲम स्पायडर’ आणली. पुढे दोन चाकं, मागे एक. आपल्या रिक्षाच्या बरोबर उलट. सिग्नलला पाय टेकायला नको, रिव्हर्सची सोय आहे, त्यामुळे गुडघे कुरकुरू लागलेल्या हौशी मंडळींना ती आवडली. २०१० पासून लांबच्या प्रवासासाठी ‘आरटी’ मॉडेल आलं: सामानाचे कप्पे, मोठी काच, मागे बसणाऱ्याला टेकायला पाठ. आणि बऱ्याच मालकांचे पाय भाजू लागले.

यात दोष इंजिनापेक्षा अंगरख्याचा अधिक. उघड्या मोटरसायकलची धग वारा उडवून नेतो. आरटीचं इंजिन मात्र चहूबाजूंनी प्लास्टिकच्या आवरणात. पेट्रोलमधल्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव ते एक तृतीयांश चाकांच्या कामी येते. उरलेली कूलंटमध्ये आणि सायलेन्सरवाटे जाते. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तर काम करताना शेकडो अंशांवर तापलेला असतो. महामार्गावर हे सगळं मागे उडून जातं. गर्दीत गाडी थांबली की रेडिएटरचा पंखा सुरू होतो आणि तीच गरम हवा नडग्यांवर येते.

इथे एक फरक ध्यानात घ्यायला हवा. पाय भाजणं म्हणजे इंजिन तापणं नव्हे. तापमानाचं गेज जागेवर असेल आणि धोक्याचा दिवा लागला नसेल, तर इंजिन मजेत आहे. त्रास फक्त चालवणाऱ्याला. गेज चढत असेल तर मात्र कूलंटची पातळी, त्यात अडकलेली हवा, पंखा आणि किडे-धुळीने बुजलेली रेडिएटरची जाळी तपासायची. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो ऐकू नये. इंजिनाला ठरावीक तापमान लागतंच.

पायांसाठीचे उपाय निराळे: आवरणाला आतून उष्णता परतवणारी पट्टी, एक्झॉस्ट पाइपावर उष्णतारोधक गुंडाळी, वारा वळवणारे पडदे. पण उष्णता यातून नाहीशी होत नाही, तिची वाट तेवढी बदलते. गुंडाळी पेट्रोलच्या नळीजवळ किंवा वायरींवर धग ढकलत नाही ना, हे पाहिल्याशिवाय पाना हातात घेऊ नये.

२०१४ला आरटीमध्ये ९९८ सीसीच्या दोन सिलिंडरांऐवजी १३३० सीसीचं तीन सिलिंडरांचं रोटॅक्स इंजिन आलं आणि या तक्रारींचा जोर बराच ओसरला. माझ्या मते पट्ट्या-पडद्यांच्या खटाटोपापेक्षा हे नंतरचं मॉडेल घेणंच बरं. अमेरिका-कॅनडातल्या कुणा मराठी वाचकाला जुनी स्पायडर घ्यायची असेल, तर चाचणीची फेरी भर दुपारी आणि गर्दीच्या रस्त्यावर मारावी. सकाळच्या गारव्यात सगळ्याच चांगल्या वाटतात.