बिघाड माणसांत की मांडणीत?
पेढी, दुकान आणि संस्था सावरण्याचे काही व्यवहारी मार्ग

गोदावरीच्या तीरावर, सोलापूर–धुळे महामार्गालगत वसलेले शहागड हे अंबड तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. नदी ओलांडली की बीड जिल्ह्यातील गेवराई तालुका सुरू होतो. परिसरात कापूस, ऊस आणि मोसंबी. अशा गावातील व्यापार शेतीच्या हंगामावर चालतो आणि बहुतांशी शब्दावर चालतो. किराणा, कापड, बी-बियाणे आणि खते, आडत असे व्यवसाय दोन-दोन, तीन-तीन पिढ्या एकाच घराकडे असतात. वडिलांच्या काळी जी घडी बसली, तिच्यावरच पुढे कारभार चालत राहतो.

परंतु एक वेळ अशी येते की तीच घडी विस्कटू लागते. विक्री होते, पण हाती रोकड राहत नाही. गोदामात माल भरलेला असतो, पण गिऱ्हाईक मागते तोच नेमका नसतो. जुना मुनीम थकतो आणि नवा टिकत नाही. दोघा भावांत बोलणे कमी होते. शिकलेला मुलगा पुण्याहून परत यायला तयार होत नाही. अशा वेळी घरात पहिला प्रश्न विचारला जातो तो 'चूक कोणाची?' हा. व्यवसाय सावरायचा असेल तर विचारायला हवा तो प्रश्न मात्र वेगळाच आहे: 'बिघाड नेमका कोठे आहे?' पहिल्या प्रश्नातून भांडण निघते, दुसऱ्यातून उपाय. महाराष्ट्रातील तीन उदाहरणे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत.

जळगावचा केळी-भुकटीचा कारखाना

अजिंठ्याच्या पायथ्याजवळील वाकोद गावचे भवरलाल जैन यांनी १९६३ साली सात हजार रुपयांच्या भांडवलावर रॉकेलच्या व्यवसायाला आरंभ केला. पुढे बियाणे, खते, पाइप अशा शेतीविषयक वस्तूंच्या एजन्सी त्यांनी घेतल्या. १९७८ मध्ये जळगावातील केळीची भुकटी तयार करणारा एक आजारी कारखाना त्यांनी ३० लाख रुपयांना घेतला. त्या वेळी हाताशी शिल्लक होती अवघी दोन लाखांची. व्यवहार धाडसाचा होता, यात शंका नाही.

लक्षात घेण्याची गोष्ट अशी की त्यांनी तोच कारखाना तीच भुकटी अधिक जोराने विकण्यासाठी चालविला नाही. यंत्रसामग्रीत फेरबदल करून तेथे पपईच्या चिकापासून पपेन तयार करण्यास सुरुवात झाली आणि ते परदेशी निर्यात होऊ लागले. इमारत, यंत्रे आणि परिसरातील शेतकरी यांपैकी काहीच टाकाऊ नव्हते. बदलायला हवे होते ते उत्पादन. आजारी व्यवसायात काय टाकायचे आणि काय राखायचे, हा विवेक येथे निर्णायक ठरला.

या कथेला दुसरी बाजूही आहे. १९९० च्या दशकात हाच उद्योगसमूह शेतीशी संबंध नसलेल्या क्षेत्रांत शिरला, अडचणीत आला आणि ती क्षेत्रे सोडून पुन्हा सिंचन व शेतीप्रक्रियेकडे वळला. भवरलालजींचे निधन २०१६ मध्ये झाले. त्यानंतर कर्जाचा भार पुन्हा वाढला, तेव्हा २०२२ मध्ये बँकांशी कर्जाची पुनर्रचना करावी लागली आणि २०२३ मध्ये परदेशातील सिंचन व्यवसाय रिव्हुलिस या कंपनीत विलीन करण्यात आला. संस्था एकदा दुरुस्त केली म्हणजे कायमची दुरुस्त झाली, असे होत नाही. डागडुजी हा कारभाराचाच भाग आहे.

नगरचा 'लखिना पॅटर्न'

१९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अनिलकुमार लखिना हे अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. सरकारी कचेरी म्हटले की धुळीने माखलेले गठ्ठे आणि 'उद्या या' हे उत्तर, अशी त्या काळची सर्वसाधारण प्रतिमा होती. लखिना यांनी कर्मचाऱ्यांना दटावण्याऐवजी कार्यालयाची मांडणीच बदलण्यास हात घातला. जुन्या कागदांची छाननी झाली, बैठकव्यवस्था बदलली, कोणाचे काम कोणते हे स्पष्ट झाले. हीच पद्धत पुढे 'लखिना पॅटर्न' म्हणून राज्यभर ओळखली गेली.

सरकारी कचेऱ्यांत रूढ असलेली सहा गठ्ठ्यांची पद्धतही याच विचारातली आहे. टेबलावरील प्रत्येक कागद सहांपैकी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे: कार्यवाहीत असलेली प्रकरणे, दुसऱ्याच्या उत्तराची प्रतीक्षा असलेली प्रकरणे, नियतकालिक विवरणे, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायचे कागद आणि नष्ट करायचे कागद. ही व्यवस्था दुकानाच्या गल्ल्याशेजारच्या खणालाही तंतोतंत लागू पडते. जीएसटीची नोटीस, कंपनीची योजना, बँकेचे पत्र आणि तीन वर्षांपूर्वीचे वीजबिल जेथे एकाच पिशवीत राहतात, तेथे विलंबाचा दंड भरावा लागणे हा केवळ काळाचा प्रश्न असतो.

वाघाडचे पाणी

नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाचे पाणी कालव्याच्या शेपटाकडील ओझर परिसरापर्यंत पोहोचत नसे. १९९० च्या सुमारास बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्रामार्फत शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभारल्या. पाणी मोजून घ्यायचे, मोजमापाप्रमाणे पैसे भरायचे आणि आपापसांतील वाटप आपणच करायचे, असा त्यांचा नियम होता. पुढे सर्व पाणीवापर संस्था एकत्र आल्या आणि २००३ मध्ये संपूर्ण प्रकल्पाचे व्यवस्थापन लाभधारकांच्या संस्थेकडे आले. धरण तेच, कालवा तोच, शेतकरीही तेच. बदलले ते मोजमाप आणि जबाबदारी. जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या परिसरातील वाचकांना यातील मर्म अधिक सांगण्याची गरज नाही.

'का?' पाच वेळा

जपानच्या टोयोटा कंपनीत बिघाडाचे मूळ शोधण्यासाठी 'का?' हा प्रश्न लागोपाठ पाच वेळा विचारण्याची पद्धत आहे. ती आपल्या व्यवहारात कशी उतरते, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. समजा, शहागडातील एका कृषी सेवा केंद्राची उधारी वसूल होत नाही.

उधारी का वसूल होत नाही? मागणी गुढीपाडव्याच्या सुमारास होते, तेव्हा शेतकऱ्याकडे पैसा उरलेला नसतो. कापसाचे पैसे दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत आले आणि लग्नकार्यात, देण्याघेण्यात संपले. मग मागणी वेळेवर का होत नाही? कोणाकडे किती बाकी आहे, हेच तेव्हा तयार नसते. ते तयार का नसते? खतावणी मार्चअखेरीस, हिशेबतपासनिसाने मागितल्यावर पूर्ण होते. ती तेव्हाच का होते? लिहिणारे एकटे थोरले बंधू आहेत आणि दिवसभर तेच गल्ल्यावर बसतात. एकट्यानेच का लिहायचे? कारण वडील गेल्यावर दोघा भावांत कामाची वाटणी कधी झालीच नाही.

पहिल्या उत्तरावर थांबले असते तर दोष शेतकऱ्याच्या माथी गेला असता. तिसऱ्यावर थांबले असते तर थोरल्या भावावर आळशीपणाचा ठपका आला असता आणि घरात कटुता वाढली असती. मूळ मात्र न झालेल्या कामवाटणीत आहे. ती एका संध्याकाळी, कोणाचाही अपमान न होता, होऊ शकते. धाकट्या भावाने किंवा सुनेने रोज एक तास खतावणी हाती घेतली, तर दिवाळीपूर्वी प्रत्येक खातेदाराला बाकीचा आकडा सांगता येईल.

आजपासून करण्याजोगे

प्रथम, पंधरा दिवस काहीही न बदलता फक्त नोंद करावी. कोणते गिऱ्हाईक काय न मिळाल्याने परत गेले, कोणते काम कोणासाठी अडून राहिले, हे एका वहीत लिहावे. नोकरालाही लिहू द्यावे. गल्ल्यावरून जे दिसत नाही, ते मालाच्या फळीजवळ उभ्या असलेल्या माणसाला दिसते. त्याने सांगितलेल्या चुकीबद्दल त्याला बोलणी खावी लागली, तर तो पुन्हा काही सांगणार नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरे, दर आठवड्याला तीन आकडे काढावेत: हाती असलेली रोकड, थकलेली उधारी आणि सहा महिन्यांहून अधिक काळ पडून असलेला माल. बँका कर्जाचा हप्ता थकल्यावर ३० आणि ६० दिवसांच्या टप्प्यांवर सावध होतात आणि ९० दिवसांपलीकडे खाते अनुत्पादक ठरवितात. दुकानाच्या उधारीलाही असे टप्पे हवेत. फक्त शेतकऱ्याच्या खात्यात दिवस मोजायचे ते पीक बाजारात आल्यापासून, माल नेल्यापासून नव्हे.

तिसरे, एका वेळी एकच दुरुस्ती हाती घ्यावी. संगणक, नवे फर्निचर, नवी एजन्सी आणि नवा नोकर एकाच महिन्यात आणले, तर कशामुळे सुधारले आणि कशामुळे बिघडले, हे कळत नाही. गोंधळलेली वही संगणकात घातली, तर गोंधळच अधिक वेगाने बाहेर पडतो.

चौथे, मुनिमाच्या किंवा वडीलधाऱ्यांच्या डोक्यातील माहिती कागदावर उतरवावी: कोणत्या व्यापाऱ्याकडून काय मिळते, कोणत्या गावात कोणाचा शब्द चालतो, कोणती विवरणपत्रे कोणत्या तारखेला जातात. ती विचारताना वडीलधाऱ्यांना आपली जागा काढून घेतली जात आहे असे नव्हे, तर आपली विद्या पुढे जात आहे असे वाटले पाहिजे.

पाचवे, बंद करण्याचे धैर्य हवे. वडिलांनी सुरू केलेला विभाग तीन वर्षे तोट्यात असेल, तर तो चालू ठेवणे म्हणजे वडिलांचा मान राखणे नव्हे. केळीची भुकटी थांबली म्हणूनच पपईला वाट मिळाली.

शेवटचे आणि कदाचित सर्वांत कठीण म्हणजे महिन्यातून एकदा, ठरलेल्या तारखेला, घरातील सर्व भागीदारांनी तासभर बसावे. जेवणाच्या ताटावर हिशेब निघू नये आणि हिशेबाच्या बैठकीत घरगुती रुसवे निघू नयेत. संस्था, ट्रस्ट किंवा पतसंस्थेच्या कार्यकारिणीलाही हाच नियम लागू आहे. बैठकीच्या अखेरीस कोणते काम, कोणी, कोणत्या तारखेपर्यंत करायचे, याच्या तीन ओळी लिहाव्यात आणि पुढील बैठक त्या तीन ओळींच्या वाचनाने सुरू करावी.

दिवाळीला नव्या वहीचे पूजन प्रत्येक पेढीवर होते. त्याआधी आठ दिवस जुनी वही उघडून, कोणालाही दोष न देता, ती शांतपणे वाचण्याचा रिवाज एखाद्या घराने सुरू केला, तर पुण्यात शिकणाऱ्या मुलालाही त्या वेळी बोलवावे. मोडकळीला आलेले दुकान सांभाळायला मुले नाखूश असतात. जेथे आपला प्रश्न ऐकून घेतला जातो आणि आपल्या सूचनेने काही सुधारते, तेथे परतण्याचा विचार ती निदान करू लागतात.