कोणता खेकडा?

पश्चिम केनियात कोदेरा नावाचे एक खोरे आहे. 1946 साली तिथल्या ओढ्यांच्या पाण्यात डीडीटी सोडून एका चावऱ्या काळ्या माशीचा नायनाट करण्यात आला. सिम्युलियम निआवी हे तिचे नाव. तिच्या चाव्यातून ऑन्कोसर्का व्हॉल्व्ह्युलस या कृमीच्या अळ्या माणसाच्या शरीरात शिरतात. मग वर्षानुवर्षे जीव नकोसा करणारी खाज, जाड पडलेली कातडी आणि अनेकांच्या वाट्याला आंधळेपण. नदीकाठच्या गावांत आढळतो म्हणून या रोगाला नदी-अंधत्व म्हणतात. गार्नहॅम आणि मॅकमॅहन यांची ही मोहीम यशस्वी झाली. पण गंमत अशी, की ही माशी लहानपणी पाण्यात नेमकी कुठे राहते हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हते. तिच्या भाऊबंदांच्या अळ्या दगडांवर आणि पाण्यात बुडालेल्या पानांवर सापडत. हिच्या मात्र सापडत नव्हत्या.

उत्तर मिळाले 1950 साली. व्हॅन सोमेरेन आणि मॅकमॅहन यांनी 'नेचर'मध्ये एक छोटे टिपण प्रसिद्ध केले. अळ्या आणि कोष चिकटलेले होते जिवंत खेकड्यांच्या अंगावर. त्या खेकड्याचे रक्त पीत नाहीत. वाहत्या पाण्यातले कण गाळून खातात. खेकडा हे त्यांचे फक्त वाहन.

यातून लगेच पुढचा प्रश्न येतो: कोणता खेकडा? आफ्रिकेत गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या शंभराहून अधिक जाती आहेत आणि सगळ्याच या माशीला सारख्याच चालतात असे नाही.

मी प्राणिशास्त्र कॉलेजात शिकलेलो नाही. सह्याद्रीच्या ओढ्यांतले खेकडे ओळखता यावेत म्हणून जुने ग्रंथ जमवू लागलो आणि त्या ग्रंथांनीच मला आफ्रिकेत नेऊन सोडले. कारण या विद्येचे मोठे ग्रंथ खंडांच्या सीमा पाळत नाहीत. मेरी रॅथबन या अमेरिकन बाईंनी जगभरच्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांवर लिहिलेला ग्रंथ 1904 ते 1906 या काळात पॅरिसहून फ्रेंचमध्ये निघाला. या बाई कधी कॉलेजात गेल्या नव्हत्या. पुढे 1914 साली, हाताखाली एक मदतनीस नेमता यावा म्हणून, त्यांनी स्वतःच्या पगारावर पाणी सोडले आणि काम तसेच चालू ठेवले. माझ्यासारख्या माणसाला त्यांच्याविषयी जरा जास्तच आपुलकी वाटते, हे कबूल करतो.

आता ओळखण्याविषयी. रंगावर जाऊ नये. एकाच ओढ्यात एकाच जातीचे खेकडे वेगवेगळ्या रंगांचे असतात, आणि संग्रहालयातल्या अल्कोहोलमध्ये तर सगळेच काही वर्षांत फिकट पिवळसर होतात. आकारही फसवा, कारण पिल्लांची ठेवण मोठ्यांहून निराळी असते. म्हणून आधी पाठीचे कवच पाहायचे: त्याच्या कडेला काटे आहेत की कड गुळगुळीत आहे, डोळ्यांच्या मागे आडवी जाणारी उंच रेघ अखंड आहे की तुटक. मग खेकडा उलटा करून छातीवरच्या खाचा पाहायच्या. तोंडाशी जबड्याला जोडून एक लहान स्पर्शांग असते, त्याचे टोक एकेरी की दुभागलेले, हे भिंगातून पाहायचे. एवढ्याने कूळ आणि बहुतेकदा प्रजाती कळते.

जात ठरते ती मात्र नराच्या पोटाखाली. आपल्याकडे बाजारात खेकडा उलटा करून नर-मादी ओळखतात. मादीची पोटाखालची झडप रुंद, नराची अरुंद. नराची ती झडप उचलली की आत जननाच्या कामी येणाऱ्या अवयवांची जोडी दिसते. तिच्या शेवटच्या पेराची लांबी किती, ते कोणत्या बाजूला आणि कुठून वळते, मध्ये फुगीर आहे की सरळ निमुळते, यावर निर्णय होतो. दोन खेकडे वरून जुळ्या भावांसारखे असले तरी इथे वेगळेपण दिसू शकते. यात अडचण उघड आहे: माद्या आणि पिल्ले हाती आली तर अभ्यासकाची पंचाईत होते.

इतक्या जाती झाल्या कशा, याचे कारण त्यांच्या वंशवाढीत आहे. समुद्री खेकड्यांची सूक्ष्म पिल्ले प्रवाहाबरोबर दूर वाहत जातात. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांना ती तरंगती अवस्थाच नाही. मादी थोडी पण मोठी अंडी पोटाखाली बाळगते आणि त्यांतून थेट इवलेसे खेकडे बाहेर येतात. त्यामुळे एका डोंगराचे कूळ पिढ्यान्‌पिढ्या त्याच डोंगरावर राहते आणि शेजारच्या खोऱ्यातल्या नातेवाइकांपासून हळूहळू दुरावते.

वर्गीकरणाची घडी त्यामुळेच वारंवार मोडली. फ्रँकफर्टच्या रिचर्ड बॉट यांनी 1955 साली आफ्रिकेतल्या खेकड्यांवर मोठा ग्रंथ लिहिला आणि पोटॅमोनॉटीस या प्रजातीच्या कितीतरी उपप्रजाती पाडल्या. त्या आता कोणी फारशा वापरत नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या काही खेकड्यांना तर गेकार्सिन्युसिडी या कुळात बसवले गेले होते. हे नाव आपल्या ओळखीचे असायला हवे. ज्या खेकड्यावरून हे कूळ उभे आहे तो गेकार्सिन्युकस जॅकमॉन्टी आपल्या सह्याद्रीतला. फ्रेंच निसर्गअभ्यासक व्हिक्टर जॅकमाँ 1832 साली मुंबईत वारला, त्याच्या नावावरून 1844 मध्ये या खेकड्याचे नामकरण झाले. मुंबईचा खेकडा आणि लायबेरियाचा खेकडा एका घरातले, ही कल्पना मोठी आकर्षक होती. गोंडवन खंड फुटण्याची गोष्ट तिला सहज जोडता येत होती. पण कंबरलिज, स्टर्नबर्ग आणि डॅनिएल्स यांनी 2008 साली शरीररचना आणि जनुके दोन्ही तपासून ते आफ्रिकी खेकडे पोटॅमोनॉटिडी या आफ्रिकी कुळात आणले. मला हा निर्णय पटतो. एखाद्या अवयवातले साम्य निरनिराळ्या घराण्यांत स्वतंत्रपणे येऊ शकते.

माशीकडे परत येतो. नाईलच्या नावाचा पोटॅमोनॉटीस निलोटिकस ओळखायला तुलनेने सोपा, कारण त्याच्या कवचाच्या कडेला ठळक काटे असतात. युगांडाच्या जंगली ओढ्यांत माशीचे मुख्य वाहन मात्र दुसराच आहे: पोटॅमोनॉटीस अलॉयसिसाबाउडिए. 1906 साली नोबिली यांनी रुवेन्झोरी पर्वतावर गेलेल्या इटालियन राजपुत्राचे नाव त्याला दिले आणि उच्चारणाऱ्यांची कायमची परीक्षा घेतली.

युगांडात आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या आणि ओढ्यांत टेमेफॉस हे अळीनाशक, अशा दोन्ही बाजूंनी रोगावर चाल केली गेली. माशी खरोखर गेली का, हे तपासायला आमिष लावलेल्या सापळ्यांत खेकडे पकडतात. शंभर खेकड्यांवर एकही अळी नाही, हा आकडा आनंदाचा वाटतो. पण ते शंभर खेकडे माशीला न चालणाऱ्या जातीचे असतील तर त्या शून्याला अर्थ नाही, आणि त्याच्या भरवशावर औषध थांबवले तर किंमत गावकऱ्यांचे डोळे मोजतील. म्हणून नोंदवहीत अळ्यांच्या संख्येआधी जात लिहावी लागते. प्रत्येक खेकडा उलटसुलट करून पाहतात, पायांचे सांधे आणि कवचाच्या कडा न्याहाळतात, नोंद करतात आणि त्याला त्याच ओढ्यात सोडून देतात.