पांढरे पडलेले प्रवाळ मेलेले नसते

अंगठीतले पोवळे मराठवाड्यात बहुतेकांनी पाहिलेले असते. जिवंत प्रवाळ मात्र फार थोड्यांनी. प्रवाळ हा दगड नाही, वनस्पतीही नाही. तो असंख्य चिमुकल्या प्राण्यांचा समूह आहे. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. शैवालाला आसरा मिळतो आणि प्रवाळाला अन्नाचा मोठा वाटा. रंगही बहुतांशी त्याच शैवालाचा.

पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानापेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापले आणि तसेच काही आठवडे राहिले, तर ही भागीदारी तुटते. शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरे पडते. ते त्या क्षणी मेलेले नसते, उपाशी असते. उष्णता लवकर उतरली तर शैवाल परत येते; नाही तर प्रवाळ मरते. उष्माघाताच्या रुग्णाचेही असेच असते. अंग किती लवकर थंड केले, यावर बरेच अवलंबून असते.

टाकीतला रुग्ण

जगभर अनेक हौशी मंडळी घरात खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ वाढवतात. ते आजारी पडले की घाबरून एकामागून एक औषधे ओतली जातात. चूक तिथेच होते. आधी मोजमाप करावे लागते. तापमान साधारण २४ ते २६ अंश आहे का? क्षारता समुद्राइतकी, म्हणजे लिटरला सुमारे ३५ ग्रॅम आहे का? पाण्याची वाफ होते, मीठ मागेच राहते. म्हणून घटलेले पाणी खाऱ्या नव्हे, शुद्ध गोड्या पाण्याने भरतात. बिघाड सापडला तरी दुरुस्ती हळूहळू करायची. एकदम बदल हा दुसरा धक्का ठरतो. ऊतक सडत चालले असेल, तर निरोगी तुकडा कापून वेगळा वाढवतात. गँगरीन झालेले बोट काढून पाय वाचवण्यासारखेच हे.

मे महिन्यात पारा ४२ अंशांपुढे जाणाऱ्या नांदेडमध्ये वीज गेली की अशी टाकी काही तासांत तापेल. पण त्याआधी कायदा लक्षात घ्यायला हवा. खडक बांधणारी प्रवाळे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये आहेत. वाघ आहे त्याच यादीत. समुद्रातून ती काढणे वा विकणे गुन्हा आहे.

डॉक्टरांनी लक्षात ठेवावे असे विष

बटणासारख्या दिसणाऱ्या काही मऊ प्रवाळसदृश जीवांत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन हे अतिशय तीव्र विष असू शकते. टाकीतला दगड स्वच्छ करण्यासाठी त्यावर उकळते पाणी ओतल्याने किंवा तो घासल्याने कुटुंबेच्या कुटुंबे रुग्णालयात गेल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या आहेत. वाफेतून विष श्वासात जाते. ताप, खोकला, धाप, तोंडात कडवट चव, स्नायूंत वेदना होतात. डोळ्यात गेल्यास बुबुळाला इजा होते. उतारा नाही, फक्त आधार देणारे उपचार. म्हणून हातमोजे, चष्मा हवाच आणि दगड कधीही उकळायचा नाही. डोळ्यात उडाले तर वाहत्या पाण्याने धुवून लगेच रुग्णालय गाठावे आणि टाकीचा उल्लेख डॉक्टरांकडे आवर्जून करावा.

मुंबईतले स्थलांतर

महाराष्ट्रात प्रवाळ वाचवण्याचा एक मोठा प्रयत्न टाकीत नव्हे, उघड्या समुद्रात झाला. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामाआड वरळी आणि हाजी अलीजवळ प्रवाळांच्या १८ वसाहती आल्या. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तज्ज्ञांच्या देखरेखीखाली नोव्हेंबर २०२० मध्ये त्या खडकावरून सोडवून दुसरीकडे रुजवल्या गेल्या. काही कुलाब्याच्या नेव्ही नगरजवळ, काही हाजी अलीजवळच. अवयवरोपणासारखीच काळजी तिथे लागते. मूळ जागेसारखेच पाणी, प्रकाश आणि खोली मिळाली, तरच रोपण टिकते.

मात्र रोपणाने सगळा समुद्र थंड होत नाही. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जागतिक पातळीवरचे चौथे प्रवाळ-विरंजन जाहीर केले. १९८७ मध्ये सागरी अभयारण्य घोषित झालेल्या मालवणची प्रवाळेही याच तापणाऱ्या समुद्रात आहेत. टाकीत थंडावा देणारे यंत्र बसवता येते, समुद्रात नाही. पर्यटकांनी मालवणला पाण्यात उतरल्यावर प्रवाळावर पाय ठेवू नये आणि त्याचा तुकडा विकत घेऊ नये. उन्हाने अर्धमेला झालेला जीव सावरायचा असेल, तर निदान त्याला आणखी जखम होऊ नये.