कीड तशीच, वर टोपी

‘दुधाचेच दात ना, पडणारच आहेत’ हे वाक्य ऐकलं नाही असं मराठी घर सापडायचं नाही. पडणार हे खरंच. पण दुधाची मागची दाढ दहा-बाराव्या वर्षापर्यंत तोंडात असते. चौथ्या वर्षी किडली, तर पुढची सहा-सात वर्षं तिच्यावरच भाकरी चावायची असते. ती आधीच काढून टाकली, तर तिच्यामागे सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ पुढे सरकते आणि खालून येऊ पाहणाऱ्या दाताची जागा खाऊन बसते.

अशा दाढेवर पोलादी टोपी बसवायची कल्पना अमेरिकेतली. 1950 साली हम्फ्री या दंतवैद्याने ती मांडली. टोपी कारखान्यातून तयार येत असे, पण दाढेला मात्र तिच्यासाठी तयार करावं लागे: इंजेक्शन द्यायचं, कीड कोरून काढायची, दाढ चहूबाजूंनी तासायची, मग टोपीची कड कात्रीने कापून, पकडीने वळवून बसवायची. टोप्या टिकत उत्तम, चांदी भरण्यापेक्षा कितीतरी जास्त. तरीही गावगल्लीतले दंतवैद्य त्यांच्या वाटेला फारसे जात नसत. चार वर्षांचं पोर खुर्चीत हातपाय झाडत असताना एवढं सगळं कोण करणार?

स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल यांनी हा प्रश्न वेगळ्याच बाजूने सोडवला. त्या बालदंततज्ज्ञ नव्हत्या, साध्या दंतवैद्य होत्या. त्यांनी इंजेक्शन सोडलं, तासणं सोडलं आणि कीड काढणंही सोडलं. योग्य मापाची टोपी निवडायची, तिच्यात ग्लास आयोनोमर सिमेंट भरायचं, दाढेवर ठेवायची आणि मुलाला सांगायचं, ‘चाव.’ पोलाद किंचित लवतं, दाढेच्या फुगवट्यावरून खाली घसरतं आणि घट्ट बसतं. दोन दाढांमध्ये फट नसेल तर आधी काही दिवस त्यांच्यात रबराची बारीक कडी अडकवून ठेवायची, एवढीच पूर्वतयारी. टोपी बसल्यावर चावा थोडा उंच लागतो. काही आठवड्यांत तो आपोआप जुळतो.

दंतवैद्यकीच्या शाळेत हे पाखंडच. कीड समूळ काढल्याशिवाय वर काहीही भरायचं नाही, हा शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचे अमेरिकी दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांच्या काळापासूनचा धडा. हॉल यांचं मोठेपण मला युक्तीपेक्षा त्यांच्या नोंदींमध्ये दिसतं. युक्त्या पुष्कळांना सुचतात आणि दवाखान्याबरोबर बंद होतात. यांनी 1988 ते 2001 या काळात 259 मुलांना 978 टोप्या बसवल्या आणि प्रत्येकीचं पुढे काय झालं ते टिपून ठेवलं. डंडी विद्यापीठातल्या निकोला इन्स आणि डॅफिड एव्हान्स यांनी सहकाऱ्यांसह ही जुनी दप्तरं तपासली आणि 2006 साली निष्कर्ष छापले. पाच वर्षांनंतर दाढ काढावी न लागण्याची शक्यता 80.5 टक्के निघाली. डोळे दिपावेत असा हा आकडा नाही. पण ज्या पद्धतीने सगळंच बिघडायला हवं होतं, तिच्याबाबतीत तो पुरेसा बोलका होता.

मग रीतसर चाचणी झाली. स्कॉटलंडमधल्याच टेसाइड भागातले 17 दंतवैद्य आणि 132 मुलं. प्रत्येक मुलाच्या एका दाढेवर हॉल यांची टोपी, दुसरीवर त्या दंतवैद्याचा नेहमीचा उपचार. पाच वर्षांनी पाहिलं तर गळू, असह्य दुखणं अशा मोठ्या बिघाडांचं प्रमाण टोपीखाली 3 टक्के, नेहमीच्या उपचारात 16.5, भरलेलं पडणं, झिजणं असे किरकोळ बिघाड 5 विरुद्ध 42. कारण समजून घेतलं की नवल ओसरतं. सिमेंट आणि पोलाद यांच्याआड कोंडलेल्या जंतूंना तोंडातली साखर मिळत नाही, आणि कीड जागच्या जागी थंडावते. मात्र आतल्या नसेपर्यंत पोचलेली, रात्री ठणकणारी दाढ झाकून चालत नाही. तिथे टोपी म्हणजे पुवावर झाकण.

पुढे या पद्धतीचा उदोउदो झाला, तसा तिला लगामही बसला. 2020 साली ब्रिटनमधल्या फिक्शन नावाच्या मोठ्या चाचणीचे निकाल आले (नाव कुणी ठेवलं कोण जाणे!). 1144 मुलं, तीन गट: नेहमीचं कोरून भरणं, कीड कोंडणं आणि नुसता प्रतिबंध. तिन्ही गटांत दुखणं किंवा जंतुसंसर्ग झालेल्या मुलांचं प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास, फरक नगण्य. एकदा कीड लागलेल्या तोंडात कोणताही उपचार फार उशिरा पोचलेला असतो, असं हे आकडे पाहून मला वाटतं.

दरम्यान दातात भरायच्या चांदीचे, म्हणजे पाऱ्याच्या मिश्रणाचे, दिवस भरले. युरोपीय संघाने जुलै 2018 पासून दुधाच्या दातांत ते भरणं बंद केलं, अपवाद फक्त डॉक्टरांना अगदी गरज वाटेल तिथे. टोपीवरचा नेहमीचा आक्षेप उरला तो रंगाचा. आपल्याकडेही ‘पांढरी कॅप नाही का मिळणार?’ हा आयांचा प्रश्न ठरलेला. झिर्कोनियाची मिळते, दिसतेही छान, पण ती लवत नाही. म्हणजे पुन्हा तासणं, पुन्हा इंजेक्शन. मुलांचं म्हणाल तर चकाकत्या दाढेचं त्यांना बऱ्याचदा अप्रूपच असतं, आ करून वर्गभर दाखवत फिरतात.

आणि दहाव्या-अकराव्या वर्षी खालून नवा दात वर ढकलू लागला की दाढ हलायला लागते. एक दिवस ती टोपीसकट हातात येते. मुळं झिजून गेलेली, वरचं पोलाद मात्र तसंच लखलखीत.