लेखांक सातवा : शिमग्याचा खेळ आणि राज्याचा हिशेब

कला आणि करमणूक या व्यवसायांचा राज्याच्या अर्थव्यवस्थेतील वाटा किती, याचे सुटे उत्तर महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीतील क्षेत्रनिहाय तक्त्यांत मिळत नाही. कारण त्या तक्त्यांत नाट्यसंस्था, वाद्यवृंद, संग्रहालये आणि क्रीडासंकुले ही सारी मंडळी शिक्षण, आरोग्य, केशकर्तन, कपडेधुलाई यांच्यासोबत ‘इतर सेवा’ नावाच्या एकाच ओसरीवर बसविलेली असतात. राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण २००८ मध्ये कला, मनोरंजन व करमणूक यांना ‘आर’ हा स्वतंत्र विभाग आणि ९० ते ९३ हे चार क्रमांक दिलेले आहेत. परंतु चित्रपटनिर्मिती त्यात नाही, ती ५९ क्रमांकाखाली माहिती व दळणवळणाबरोबर जाते, आणि गणपतीपुळ्याला समुद्र पाहण्यासाठी आलेल्या कुटुंबाने खोलीचे भाडे भरले की ती रक्कम हॉटेल-व्यवसायाच्या खात्यात पडते.

मोजणीचा पाया मूल्यवर्धन हा आहे, म्हणजे उत्पादनाच्या किमतीतून ते घडविताना खर्ची पडलेला बाहेरचा माल व सेवा वजा केल्यावर उरणारी रक्कम. रत्नागिरीच्या स्वातंत्र्यवीर सावरकर नाट्यगृहात एखाद्या व्यावसायिक नाटकाच्या प्रयोगाला, समजा, १,००,००० रुपयांची तिकीटविक्री झाली आणि नाट्यगृहाचे भाडे, बसचे डिझेल, जाहिरात व मुक्काम यांवर ४५,००० रुपये गेले, तर उरलेले ५५,००० रुपये, म्हणजे नट-तंत्रज्ञांची ‘नाइट’ आणि निर्मात्याचा नफा, हे त्या प्रयोगाचे मूल्यवर्धन ठरते. तथापि निर्मितीसंस्था मुंबईची असेल, तर तिच्या हिशेबाच्या वह्याही मुंबईतच असतात, आणि रत्नागिरीकरांनी तिकिटापोटी मोजलेला पैसा रत्नागिरीच्या कलाक्षेत्राचे उत्पन्न म्हणून नोंदला जाण्याचा संभव कमी होतो.

तिकीट नसलेल्या कलेपाशी मात्र खरी अडचण सुरू होते. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सहाणेवरून निघते, तिच्यासोबत खेळे घरोघर फिरतात, आणि रात्री गण, गवळण, संकासूर व वग अशा क्रमाने नमन रंगते. यासाठी गावकी वर्गणी काढते, मानकरी आपापला मान पाळतात, पण नाचणाऱ्याला वा मृदंग्याला ठरलेली मजुरी बहुधा नसते. राष्ट्रीय लेख्यांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीनुसार बाजारात न विकल्या जाणाऱ्या सेवेचे मोल तिच्यावर झालेल्या खर्चावरून ठरवितात. ना-नफा संस्थेच्या बाबतीत मूल्यवर्धन म्हणजे मुख्यतः तिने दिलेले वेतन आणि तिच्या मालमत्तेची झीज, आणि विनामोबदला श्रमाचे वेतन शून्य असल्याने संपूर्ण रात्रीच्या खेळाचे मूल्यवर्धनही शून्याच्या आसपास राहते. साड्या, रंगभूषेचे सामान, मृदंगाची दुरुस्ती हे सारे त्या त्या व्यापाऱ्याच्या वा कारागिराच्या उत्पन्नात धरले जाते. किंबहुना ध्वनिक्षेपक भाड्याने देणाऱ्याचे उत्पन्न हिशेबात येते, त्यातून ज्याचा आवाज जातो त्याचे येत नाही.

ज्यांना मोबदला मिळतो त्यांचीही गणना सहज होत नाही. असंघटित सेवाक्षेत्रासाठी रूढ असलेली पद्धत अशी की, नमुना पाहणीतून दर कामगारामागे सरासरी मूल्यवर्धन काढावयाचे आणि त्याला त्या व्यवसायातील कामगारसंख्येने गुणावयाचे. जिल्ह्याच्या अंदाजासाठी पुढे राज्याची रक्कम कामगारसंख्येसारख्या निर्देशकांच्या प्रमाणात वाटली जाते. कामगारसंख्या देणाऱ्या श्रमबल पाहणीत दुय्यम व्यवसाय म्हणून नोंद होण्यासाठी वर्षभरात किमान ३० दिवस ते काम केलेले असावे लागते, त्यामुळे पावसाळ्यात भातशेती, एरवी मासेमारी वा आंब्याच्या बागेत मजुरी, आणि गौरी-गणपतीत पंधरा-वीस रात्री जाखडीच्या शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या, असे ज्याचे वर्ष जाते तो शाहीर शेतकरी म्हणून मोजला जातो, शाहीर म्हणून नव्हे.

करखात्याच्या नोंदींतूनही ही उणीव भरून निघत नाही. लोककला व शास्त्रीय कला यांच्या सादरीकरणासाठी कलावंताला मिळणारा मोबदला १,५०,००० रुपयांपर्यंत असेल, तर त्यावर वस्तू व सेवा कर नाही, आणि नाटक, नृत्य वा संगीताच्या कार्यक्रमाचे तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल, तर तेही करमुक्त आहे. कलावंतांच्या दृष्टीने ही सवलत योग्यच आहे, पण जिथे कर नाही तिथे आकडाही नाही, ही तिची सांख्यिकीय किंमत होय.

अन्य देशांनी यावर ‘सॅटेलाइट अकाउंट’चा, मराठीत जोडलेख्याचा, मार्ग काढला, म्हणजे मुख्य राष्ट्रीय लेख्यांना धक्का न लावता वेगवेगळ्या क्षेत्रांत विखुरलेले एकाच विषयाचे उत्पादन एका तक्त्यात गोळा केले. अमेरिकेत कला व संस्कृतीचा असा जोडलेखा २०१३ पासून प्रसिद्ध होतो आणि तेथे राज्यनिहाय आकडेही काढले जातात. भारतात पर्यटनासाठी २००२-०३ या वर्षाचा पहिला जोडलेखा तयार झाला, त्यामुळे ही पद्धत येथे अपरिचित नाही. महाराष्ट्राने कलेसाठी तो केल्यास सावरकर नाट्यगृहाचे भाडे, थिबा राजवाड्यातील संग्रहालयाचा खर्च आणि जाखडीच्या बारीची बिदागी एका पानावर दिसू शकतील. मात्र विनामोबदला नमन त्यातही रुपयांत उतरणार नाही. त्यासाठी रुपयांऐवजी तास मोजणे हाच पर्याय उरतो.

तास मोजणारे साधन उपलब्ध आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२४ मध्ये केलेल्या वेळ-वापर पाहणीत सहा वर्षे व त्याहून अधिक वयाच्या प्रत्येक व्यक्तीचे २४ तास कसे गेले, हे विचारले जाते, आणि संस्कृती व करमणुकीसाठी तिच्यात स्वतंत्र वर्ग आहे. परंतु तिचा दिवस पहाटे ४ वाजता सुरू होऊन दुसऱ्या पहाटे ४ वाजता संपतो, त्यामुळे पाहणीचा कर्मचारी नेमका फाल्गुनात रत्नागिरीच्या एखाद्या वाडीत पोहोचला, तरी उजाडेपर्यंत चाललेल्या नमनाचा शेवटचा वग दुसऱ्याच दिवसात पडतो, आणि त्या दिवसाविषयी त्या घरात कोणी विचारणार नसते.