उन्हाळ्यातला डोह आणि पिसाची माशी

बीड - मे महिन्यातील पहाट. गोदावरीच्या पात्रातील वाळू अजून थंड आहे, वारा पडलेला आहे. डोहाच्या संथ पाण्यावर मध्येच एक लहानसे वर्तुळ उमटते, पसरते आणि विरून जाते. पाण्यावर पडलेला एखादा किडा माशाने टिपल्याची ती खूण असते. जगभरातील ‘फ्लाय फिशिंग’चे शौकीन या एका वर्तुळासाठी तासन् तास नदीकाठी उभे राहतात.

बीड जिल्ह्यात हा छंद अद्याप रुजलेला नाही. गांडूळ किंवा कणकेची गोळी लावून गळ टाकणारे मात्र गावोगाव भेटतात. उन्हाळ्याची सुटी, नदी आणि गळ यांचे नाते येथेही जुनेच आहे. प्रश्न आहे तो पाण्याचा. ऐन उन्हाळ्यात नदीकाठचा असा एक सुरेख दिवस लाभायचा, तर नदीत कोठे तरी पाणी उरायला हवे आणि त्या पाण्यात मासाही उरायला हवा.

वजन दोरीचे, माशी पिसाची

नेहमीच्या गळात आमिषाचे किंवा शिशाचे वजन दोरीला पाण्यात ओढून नेते. फ्लाय फिशिंगमध्ये नेमके उलटे घडते. येथे आमिष म्हणजे बारीक गळाला पिसे, केस आणि धागा बांधून केलेला खोटा किडा. त्याला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून दोरीच जाड आणि जड केलेली असते. सुमारे नऊ फुटांच्या लवचिक काठीने ही दोरी आधी मागे फेकायची, ती हवेत पूर्ण उलगडेपर्यंत क्षणभर थांबायचे आणि मग पुढे सोडायची. दोरीच्या टोकाला नायलॉनचा बारीक, पारदर्शक धागा असतो. त्यामुळे माशी पाण्यावर अलगद उतरते आणि दोरीची चाहूल माशाला लागत नाही. नवशिक्याची चूक बहुतेक वेळा त्या थांबण्यातच होते. घाई केली की दोरीचा गुंता ठरलेला.

पाण्यावर तरंगणारी ‘कोरडी’ माशी आणि पाण्याखाली बुडणारी ‘ओली’ माशी असे तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. त्या दिवशी मासे काय खात आहेत, हे ओळखून माशी निवडावी लागते. त्यामुळे हातातील काठीपेक्षा डोळ्यांचे काम अधिक. ही युक्ती फार जुनी आहे. मॅसिडोनियातील कोळी गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची पिसे बांधून मासे पकडत, अशी नोंद इसवी सन २०० च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने करून ठेवली आहे.

चालुक्य राजाचा ‘मत्स्यविनोद’

गळाने मासे पकडण्याचा छंद साहेबाने आणला, असा समज सर्वत्र आढळतो. तो खरा नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात, ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बसवकल्याण. आजच्या मराठवाड्याचा मोठा भाग त्या काळी याच राज्यात होता. राजाच्या करमणुकींचे वर्णन करणाऱ्या भागात ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. माशांचे प्रकार, त्यांना घालायचे खाद्य, गळ, दोरी आणि काठी यांचे तपशील त्यात येतात. ख्यातनाम मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणाचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध केला. मासा हा पोटाप्रमाणेच करमणुकीचाही विषय होऊ शकतो, ही कल्पना या मातीला परकी नाही.

उलटे वेळापत्रक

थंड प्रदेशांतील शौकिनांना उन्हाळा म्हणजे पर्वणी वाटते. बर्फ वितळून आलेले नितळ पाणी, त्यावर घोंघावणारे किडे आणि त्यांच्यावर झेपावणारे ट्राउट मासे, असे चित्र तेथे दिसते. दख्खनच्या पठारावरील नद्यांचे वेळापत्रक निराळे आहे. त्या पावसावर जगतात. बीड जिल्ह्यात सरासरी साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. नद्यांचे पाणी वाहते आणि निवळलेले असते ते साधारण दिवाळीपासून. होळी सरली की धार तुटते आणि नदी डोहाडोहांत विभागली जाते.

जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरील गोदावरी, पाटोदा तालुक्यातील डोंगरात उगम पावणाऱ्या मांजरा आणि सिंदफणा, बीड शहरातून वाहणारी बिंदुसरा, या सर्वांची कहाणी थोड्याफार फरकाने हीच आहे. गेवराई तालुक्यातील राक्षसभुवन येथे १० ऑगस्ट १७६३ रोजी माधवराव पेशव्यांनी निजामाच्या सैन्याचा पराभव केला. त्या वेळी गोदावरीला पूर होता आणि पैलतीरी गेलेल्या निजामाला आपल्या सैन्याच्या मदतीला येता आले नाही. ज्या नदीने एका लढाईचा निकाल ठरविण्यास हातभार लावला, तिच्याच पात्रात उन्हाळ्यात पायी चालता येते. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाल्यापासून खालच्या पात्रातील उन्हाळी पाणी मुख्यतः वरून सोडल्या जाणाऱ्या आवर्तनांवर आणि बंधाऱ्यांत अडलेल्या साठ्यावर अवलंबून आहे.

डोह म्हणजे नदीचे बियाणे

उन्हाळ्यातील डोह लहान, उथळ आणि माशांनी दाटलेला असतो. गळ टाकणाऱ्याला येथे हमखास यश मिळते आणि धोकाही येथेच आहे. या डोहात तगलेले मासेच जून-जुलैच्या पहिल्या पुरात वर चढतात आणि अंडी घालतात. उन्हाळ्यात एक डोह पूर्ण उपसला, तर पुढच्या पावसाळ्याचे बियाणेच भाजून खाल्ल्यासारखे होते.

रोहू, कटला, मृगल हे मूळचे उत्तरेकडील मोठ्या नद्यांचे मासे. माजलगाव किंवा मांजरा धरणासारख्या जलाशयांत त्यांचे बीज सोडावे लागते, कारण वाहत्या पुराशिवाय ते प्रजनन करीत नाहीत. मरळ, वाम, शिवडा हे इथलेच मासे मात्र डोहांच्या आधाराने पिढ्यान् पिढ्या टिकले. मरळीला हवेतून थेट श्वास घेता येतो, त्यामुळे गढूळ आणि आटत्या पाण्यातही ती तग धरते. पावसाळ्यात ती आपल्या पिलांच्या थव्याची राखण करते. अशा वेळी तिला पकडले, तर राखण सुटलेला सारा थवा इतर माशांच्या तोंडी जातो.

डोहाचे शत्रू अनेक आहेत. पहिला बेसुमार वाळूउपसा. वाळूचा थर पावसाळ्यातील पाणी धरून ठेवतो आणि उन्हाळ्यात ते हळूहळू डोहाला पाझरतो. वाळू गेली की हा पाझर आटतो आणि उरतात ते जीवघेणे खड्डे. दुसरा शत्रू सुरुंग आणि विष. या दोन्ही मार्गांनी मासे मारण्यास १८९७ च्या भारतीय मत्स्योद्योग कायद्यानेच बंदी आहे. तिसरा दुष्काळ. एप्रिल २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडल्याने लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. अशा वर्षी माणसांच्या घागरीसमोर माशांचा विचार मागे पडतो, हे स्वाभाविकच. धरण पुढच्या पावसाळ्यात भरू शकते. पण त्यात नदीचे मूळ मासे परततात ते वरच्या अंगाला एखादा डोह जिवंत राहिला असेल तरच.

राखलेला डोह काय देतो, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. रायगड जिल्ह्यात काळ नदीवरील वाळणकोंड आणि पालघर जिल्ह्यात वैतरणेवरील तिळसे येथे देवाचे म्हणून राखलेले महसीर मासे भर उन्हाळ्यातही थव्याने दिसतात. फ्लाय फिशिंगचे शौकीन ज्या महसीरसाठी दूरवर जातात, त्याच्या दख्खनी जातीचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळील मुळा-मुठेतील माशांवरून केले होते. पुण्यात आज या नद्यांची अवस्था काय आहे, हे पुणेकरांना सांगण्याची गरज नाही.

सकाळचे तीन तास

उन्हाळ्यात बीडसारख्या जिल्ह्यात गळाचा दिवस खऱ्या अर्थाने सकाळच्या तीन तासांचा. त्याला शास्त्रीय कारण आहे. वीस अंश सेल्सिअस तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे नऊ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. तीस अंशांना ते प्रमाण साडेसातच्या आसपास येते. उन्हे चढली की मासा आधीच धापा टाकत असतो. गळाशी झुंजून दमलेला मासा अशा पाण्यात सोडला, तरी तो जगेलच असे नाही. अमेरिकेतील मोंटाना राज्यात नद्या तापल्या, की दुपारी दोननंतर गळ टाकण्यास मनाई करतात. थंड प्रदेशात ही काळजी, तर चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या बीडमध्ये सकाळी नऊला काठी गुंडाळणे हेच शहाणपणाचे.

मासा परत सोडायचा असेल, तर गळाचे मागे वळलेले टोक चिमट्याने दाबून टाकावे, म्हणजे गळ सहज निघतो. माशाला ओल्या हातानेच धरावे. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघतो आणि रोग जडतो. छायाचित्राच्या हौसेपायी त्याला पाण्याबाहेर ताटकळत ठेवू नये. वाळू उपसलेल्या पात्रात पाण्यात उतरण्याचे धाडस तर मुळीच करू नये. वरून गुडघाभर दिसणाऱ्या पाण्याखाली पुरुषभर खड्डा असू शकतो.

आधी परवानगी, मग गळ

नदी सर्वांची असली, तरी मासेमारीचा हक्क अनेक ठिकाणी ठरलेला असतो. जलाशयांतील मासेमारी साधारणतः मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांकडे ठेक्याने असते आणि मत्स्यबीज सोडण्याचा खर्चही त्याच करतात. तेथे न विचारता गळ टाकणे म्हणजे दुसऱ्याच्या शेतात शिरण्यासारखे आहे. शिवाय कोणत्या डोहात कपार आहे, मासा कोठे विसावतो, आवर्तन सुटले की तो कोठे सरकतो, हे पिढीजात मासेमारी करणाऱ्या भोई समाजातील जाणत्यांइतके कोणतेही पुस्तक सांगू शकत नाही. शहरातून येणाऱ्या शौकिनाचा छंद आणि काठावरच्या कुटुंबाची रोजीरोटी एकाच डोहावर अवलंबून आहेत. डोह राखण्यात दोघांचेही हित आहे.

आठच्या सुमारास वारा सुटतो. पाण्यावर तरंग उठतात आणि ती वर्तुळे दिसेनाशी होतात. एखादा मासा गळाला लागून परत पाण्यात गेलेला असतो, किंवा हात रिकामेच असतात. जूनमध्ये गोदावरीला पहिले पाणी येईल, तेव्हा वर चढायला डोहात काही मासे शिल्लक असले, तर ती सकाळ सार्थकी लागली असे म्हणता येईल.