भाकरीतलं लोह, मेड इन खान्देश!

डब्यात मल्टिग्रेन ब्रेड, ड्रॉवरमध्ये प्रोटीन बार आणि ब्लड रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन नऊ! ऑफिसमधल्या मैत्रिणींमध्ये विचारून बघा, अशी एक तरी सापडेलच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१५-१६ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ४८ टक्के स्त्रियांमध्ये अ‍ॅनिमिया आढळला होता. २०१९-२१ च्या फेरीत हा आकडा कमी व्हायचा सोडून ५४.२ टक्क्यांवर गेला.

यावरचा एक परिचित उपाय म्हणजे फोर्टिफिकेशन. म्हणजे रोजच्या पदार्थात पोषक घटक वरून मिसळायचे, जसं मिठात आयोडीन. २०१६ मध्ये एफएसएसएआयनं तेल, दूध, मीठ, गव्हाचं पीठ आणि तांदूळ यांच्यासाठी मानकं आणली आणि पाकिटांवर ‘प्लस एफ’चं चिन्ह दिसू लागलं. पण भाकरीचं काय? खान्देशात अजूनही कितीतरी घरांत बाजरी शेतातून किंवा बाजारातून येते आणि दळण गल्लीतल्या गिरणीत जातं. प्रत्येक गिरणीत लोह कोण मिसळणार?

मग ते बियाण्यातच असलं तर?

टोगो ते पाचोरा

ही आयडिया प्रत्यक्षात आली आणि त्यात जळगाव जिल्ह्याचा मोठा वाटा आहे, हे कळल्यावर मी तर उडालेच! हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेनं आफ्रिकेतल्या टोगो देशातल्या देशी बाजरीतून एक वाण निवडला होता, आयसीटीपी ८२०३. १९८८ पासून तो महाराष्ट्रात पेरला जात होता. त्याच्यात मुळातच लोह जास्त असल्याचं दिसलं. त्यातून आणखी निवड करत ‘धनशक्ती’ तयार झाली. किलोमागे सुमारे ७१ मिलिग्रॅम लोह, आणि उत्पन्नही कमी नाही. हार्वेस्टप्लस या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमाची साथ होती. २०१२ मध्ये हे बियाणं शेतकऱ्यांपर्यंत नेलं पाचोऱ्याच्या निर्मल सीड्सनं. संशोधन सार्वजनिक पैशातून, विक्रीचं जाळं खासगी कंपनीचं. २०१४ मध्ये धनशक्तीला देशपातळीवर मान्यता मिळाली.

शेजारचं धुळंही मागे नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं बाजरी संशोधन धुळ्यात चालतं. तिथल्या ‘फुले महाशक्ती’ या संकरित वाणात किलोमागे ८७ मिलिग्रॅम लोह आहे. संकरित का? धनशक्तीचं बियाणं शेतकरी घरी राखू शकतो. त्याच्यासाठी ते छानच, पण कंपनीचा धंदा दरवर्षी बियाणं विकलं गेलं तरच चालतो. आणि जास्त उत्पन्नासाठी शेतकऱ्याचाही ओढा संकरितकडेच असतो.

फरक पडतो का?

पडतो. महाराष्ट्रातल्या १२ ते १६ वयाच्या शाळकरी मुलांना अशा बाजरीची भाकरी रोज दोनदा देऊन पाहिली गेली. पुढे शेवही दिली. (खान्देशी मंडळींनो, ऐकताय ना?) २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, सुरुवातीला लोह कमी असलेली मुलं सहा महिन्यांत त्यातून बाहेर येण्याचं प्रमाण साधी बाजरी खाणाऱ्यांच्या १.६४ पट निघालं.

मग अडतंय कुठे? बाजारात! लोह डोळ्यांना दिसत नाही. मोंढ्यात धनशक्ती आणि साधी बाजरी एकाच ढिगात पडते, आणि सरकारी आधारभूत किंमतही लोह बघून ठरत नाही. जास्त पैसे मिळणार नसतील, तर शेतकऱ्यानं हाच वाण का निवडावा? शास्त्रज्ञ आणि कंपनी एकत्र आले, पण तिसरा पार्टनर, म्हणजे गिऱ्हाईक, अजून आलेलंच नाही.

ते गिऱ्हाईक आपण होऊ शकतो. गाव खान्देशात असेल, तर यंदा पेरणीआधी घरी एक फोन करा आणि कुठला वाण पेरताय ते विचारा. नसेल, तर ऑरगॅनिक स्टोअरमध्ये किंवा शेतकरी बाजारात वाणाचं नाव घेऊन बाजरी मागा. दहा जणांनी मागितली की अकराव्याला मिळायला लागते.

आणि हो, भाकरीसोबत लिंबू पिळलेली कोशिंबीर घ्या, क जीवनसत्त्वामुळे लोह चांगलं शोषलं जातं. जेवणानंतरचा लगेचचा चहा मात्र टाळा. हिमोग्लोबिन फारच कमी असेल, तर आधी डॉक्टरांकडे जा. भाकरी ही औषधाची जागा घेत नाही, पण वर्षभर रोज ताटात असते. तिची ताकद तीच आहे.